काढलेले आणि तपासलेले
ट्रकचालकाच्या वैद्यकीय दाखल्याची ओळख : प्रस्तावना

कापसाच्या हंगामात बुलढाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालच्या चौकात घटकाभर उभे राहिले, की ट्रकबद्दल लोक काय काय विचारतात ते कानावर पडते. माल किती भरला, भाडे काय ठरले, टायर नवे की रिमोल्ड, खामगावला कधी पोचणार. चालकाला दूरचे नीट दिसते का, हे मात्र कोणी विचारत नाही. तो प्रश्न सरकारने एका कागदावर छापून ठेवला आहे. कायद्याच्या भाषेत त्याचे नाव ‘नमुना १-अ’. बोलण्यात सगळे त्याला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात. ‘लायसन संपत आलंय, मेडिकल काढून आणतो,’ असे चालक सहज म्हणून जातो. सातबारा काढतात, रेशनकार्डाची झेरॉक्स काढतात, तसेच मेडिकल ‘काढतात’. स्वतःला तपासून घेतले, असे त्या वाक्यात कुठेच येत नाही. या क्रियापदातच आपल्या विषयाची सगळी अडचण दडलेली आहे, आणि गोडीही.

विषय छोटा दिसतो, पण त्यात कायदा, वैद्यक आणि पोटापाण्याचा व्यवसाय एकाच पानावर भेटतात. म्हणून तो वकिलाने वाचावा, डॉक्टरने वाचावा, आणि ज्याच्या घरात ट्रक आहे किंवा ट्रकवर जाणारा माणूस आहे त्याने तर अवश्य वाचावा. पूर्वतयारी काहीच लागत नाही. कलमांची भीती वाटणाऱ्या वाचकांनी एवढेच लक्षात ठेवावे, की इथले प्रत्येक कलम एका माणसाच्या डोळ्यांविषयी, कानांविषयी किंवा हातापायांविषयी बोलते.

आधी चौकट पाहू. आपल्याकडे मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ सालचा, दुसरा १९३९ सालचा, आणि आज लागू असलेला मोटार वाहन अधिनियम १९८८ सालचा. त्याच्या कलम ८ मध्ये शिकाऊ अनुज्ञप्तीची, म्हणजे लर्निंग लायसनची पद्धत दिली आहे. स्वतःची मोटारसायकल किंवा कार चालवू पाहणारा तरुण ‘नमुना १’ वर आपल्या प्रकृतीविषयी स्वतःच निवेदन देतो. कायदा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. परिवहन वाहन चालवू पाहणाऱ्याला मात्र तेवढ्यावर सोडलेले नाही. राज्य शासनाने त्यासाठी नेमलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही असलेला ‘नमुना १-अ’ त्याला जोडावा लागतो. चाळिशी उलटलेल्या खासगी चालकालाही हाच दाखला लागतो. दोन कागदांतला हा फरक नीट समजला, की या विषयाचे दार उघडले असे समजा. दुसऱ्याचा माल किंवा दुसऱ्याचा जीव वाहून नेणाऱ्याने आपल्या प्रकृतीची साक्ष आपणच देऊन चालत नाही, हे त्यामागचे तत्त्व आहे.

आता तो कागद हातात घ्या. त्यावर चालकाचा फोटो चिकटवलेला असतो, आणि डॉक्टरने सही अशी करायची असते, की तिचा काही भाग फोटोवर आणि काही कागदावर पडेल. तपासलेला माणूस आणि दाखला मिळालेला माणूस एकच असावा, यासाठी नियमाने पेनाच्या एका रेघेची गाठ मारली आहे. पुढे प्रश्न येतात. दृष्टीत दोष आहे का, असल्यास चष्म्याने तो दूर झाला आहे का? लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का? चांगल्या दिवसाउजेडी २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का? नेहमीचे हॉर्न ऐकू येणार नाहीत इतका बहिरेपणा आहे का? रातांधळेपणा आहे का? कामात अडथळा आणील असे हातापायाचे काही व्यंग आहे का? शेवटी डॉक्टर लिहून देतो, की दूरची दृष्टी, श्रवणशक्ती आणि हातपाय व सांधे यांकडे विशेष लक्ष देऊन मी या माणसाला स्वतः तपासले आहे.

या यादीचे मला कौतुक वाटते ते तिच्या साधेपणासाठी. इथे महागडे यंत्र लागत नाही. २५ मीटर म्हणजे सुमारे ८२ फूट. दवाखान्याच्या पायरीवर चालकाला उभे करून रस्त्यापलीकडच्या गाडीची पाटी वाचायला सांगितली, की त्या प्रश्नाचे उत्तर मिळते. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यापेक्षा ही परीक्षा कधी कधी खरी ठरते, कारण तक्ता पाठ करता येतो आणि पुढचा माणूस वाचत असताना ऐकूनही ठेवता येतो. रंगांसाठी जपानी नेत्रवैद्य शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या ठिपक्यांच्या पाट्या जगभर वापरतात. जून २०२० मध्ये केंद्राने नियम बदलून सौम्य व मध्यम रंगांधळेपणा असणाऱ्यांना लायसनचा मार्ग मोकळा केला. तीव्र दोषाची अडचण कायम राहिली. सिग्नलचा लाल दिवा वर आणि हिरवा खाली असतो, म्हणून दिवा त्याच्या जागेवरूनही ओळखता येतो, हे ध्यानात घेतले तर हा बदल समजायला सोपा जातो.

रातांधळेपणाचा प्रश्न मात्र पायरीवर उभे करून सुटत नाही. तिथे डॉक्टरला बोलावे लागते. ‘दिवेलागणीला अंगणातून घरात आलात, की काही वेळ चाचपडता का?’ ‘समोरून गाडी येऊन गेल्यावर रस्ता पुन्हा दिसायला उशीर लागतो का?’ असे दोन प्रश्न आणि त्यांची खरी उत्तरे, एवढीच ती तपासणी. खरे उत्तर मिळण्यासाठी समोरच्याचा डॉक्टरवर विश्वास हवा, आणि डॉक्टरकडे पाच मिनिटे हवीत. मेडिकल ‘काढले’ जाते तेव्हा नेमकी हीच पाच मिनिटे हरवतात.

वाचकांनी यानंतर काळाकडे वळावे. परिवहन लायसनची मुदत पूर्वी तीन वर्षांची होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पाच वर्षांची झाली. पेट्रोल, वायू किंवा रसायनांसारखा धोकादायक माल नेणाऱ्यांसाठी एक वर्षाची तीन वर्षे झाली. चालकाच्या खेपा वाचल्या, हे चांगलेच झाले. पण पंचेचाळिशीच्या माणसाच्या शरीरात पाच वर्षांत पुष्कळ काही घडते. मोतीबिंदू हळूहळू तयार होतो, साखर वाढते, रक्तदाब चढतो. नमुना १-अ मध्ये साखर, रक्तदाब आणि झोप यांच्यासाठी वेगळे रकाने नाहीत. अमेरिकेत व्यापारी ट्रकचालकाचा वैद्यकीय दाखला जास्तीत जास्त २४ महिने चालतो. ब्रिटनमध्ये जड वाहनाच्या चालकाला ४५ व्या वर्षापासून दर पाच वर्षांनी आणि ६५ नंतर दरवर्षी वैद्यकीय पात्रता दाखवावी लागते. ही उदाहरणे आपल्याला खाली पाहायला लावण्यासाठी दिलेली नाहीत. दोन दाखल्यांमधल्या वर्षांत आपली काळजी आपणच घ्यायची आहे, एवढे त्यांवरून उमजावे. झोपेबाबत तर आपलाच एक जुना कायदा बोलका होता : मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास, ही कामाची मर्यादा त्याने तेव्हाच घालून दिली होती.

आणखी एक वळण नव्या वाचकाला गोंधळात टाकते, म्हणून ते इथेच सांगून ठेवतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निर्णय दिला, की हलक्या मोटार वाहनाचे लायसन असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहनही चालवू शकतो, आणि परिवहन चालकांसाठीच्या जादा अटी त्याहून जड वाहनांनाच लागू होतात. म्हणजे संत्री किंवा सोयाबीन नेणारा छोटा मालवाहू टेम्पो आणि खामगावच्या जिनिंगला निघालेला दहा चाकी ट्रक यांच्या चालकांना आता दोन वेगळे नियम आहेत. टेम्पो चालवणाऱ्या तरुणाला मेडिकल लागले नाही, तरी नंबरप्लेट त्यालाही वाचता आलीच पाहिजे.

या विषयाला एक दुखरी बाजूही आहे. चालक तपासणी टाळतो तो आळसाने नव्हे, भीतीने. ट्रकचा हप्ता डोक्यावर असतो, मुलांची फी असते, आणि ‘अनफिट’ हा एक शब्द घरी बसवील अशी धास्ती असते. ही भीती समजून घेतल्याशिवाय कोणी या विषयावर मत बनवू नये. पण कायदा तिला वाटतो तितका कठोर नाही. चष्म्याने भागत असेल तर चष्मा चालतो. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने जातो, आणि अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. लायसन नाकारले किंवा रद्द केले, तर कलम १७ प्रमाणे ३० दिवसांच्या आत अपील करता येते. दुसऱ्या बाजूने, चालक अपात्र झाला आहे असे मानायला सबळ कारण असेल, तर कलम १६ प्रमाणे अधिकारी मुदतीआधीही नवा दाखला मागू शकतो. ही दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचा. रस्त्यावरच्या लोकांचा जीव आणि चालकाची भाकर, दोन्हींचा विचार त्यांत सापडेल.

वाचनाचा क्रम विचाराल तर मी म्हणेन, आधी कागद वाचा, मग कलमे, आणि शेवटी एखाद्या अनुभवी चालकाशी अर्धा तास बोला. वरवट बकालचा आपला तालुका घाटाखालचा. लायसनच्या कामाला बुलढाण्याचे एमएच-२८ चे कार्यालय गाठायचे तर मोताळ्यानंतर राजूर घाट चढावा लागतो. त्या घाटाच्या वळणांवर, रात्री समोरून डोळ्यांवर प्रकाशझोत येत असताना काय दिसते आणि काय दिसत नाही, हे कोणतेही पुस्तक त्याच्याइतके नेमके सांगू शकणार नाही. त्याचे ऐकून पुन्हा नमुना १-अ कडे या. त्यातली प्रत्येक ओळ तुम्हाला वेगळी वाटेल.

वाचकांना शेवटी एकच विनंती. तुमच्या घरातला, गल्लीतला कोणी ‘मेडिकल काढायला’ निघाला, तर त्याच्याबरोबर जा, आणि कागद पुढे करण्याआधी डॉक्टरांना सांगा, की याला नीट तपासा.