सावलीचा चहा आणि उन्हाचा चहा

चहाचे झुडूप रुजावे अशी भूमी बीड जिल्ह्यात नाही. त्यास आम्लधर्मी जमीन लागते आणि भरपूर, लांबत जाणारा पाऊस लागतो. बालाघाटाच्या पायथ्याची चुनखडीमिश्रित काळी जमीन आणि पावसाळ्यातही हात आखडता घेणारे आभाळ, ही दोन्ही त्याच्या प्रकृतीस मानवणारी नव्हेत. तथापि महाराष्ट्रातील चहाच्या पेल्यात बीडचाही वाटा असतो. तो साखरेच्या रूपाने येतो. दसरा-दिवाळी सरली म्हणजे या जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबेच्या कुटुंबे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेस लागतात. त्यांच्या हातून तुटलेल्या उसाची साखर घरोघरच्या चहात विरघळते. पिणाराचे लक्ष चवीकडे असते. चवीमागील हातांकडे ते क्वचितच जाते. जपानातील हिरव्या चहाच्या दोन प्रकारांची तुलनाही बहुधा अशीच चवीपाशी येऊन थांबते. वास्तविक त्या दोन चवींमागे दोन प्रकारच्या हातांचा आणि एका निर्बंधाचा इतिहास आहे.

माच्चा आणि सेन्चा हे ते दोन प्रकार होत. दोन्ही एकाच जातीच्या झुडपापासून होतात आणि दोहोंची पाने खुडल्याबरोबर वाफवितात. खुडलेले पान मळून तसेच ठेवले तर त्यातील रसाचा हवेशी संयोग होऊन ते काळवंडते, आणि महाराष्ट्राच्या परिचयाचा काळा चहा तयार होतो. वाफेचा चटका बसला म्हणजे ही क्रिया थांबते व पान हिरवे राहते. येथून वाटा फुटतात. माच्चाचे पान न वळता वाळवितात, त्याचे देठ व शिरा काढून टाकतात आणि उरलेला भाग दगडी जात्यात दळतात. हे दळण इतके सावकाश चालते की तासाभरात जेमतेम ४० ग्रॅम पूड पडते. ती गरम पाण्यात वेळूच्या रवीने घुसळून पितात. म्हणजे सगळे पानच पोटात जाते. सेन्चाचे पान वाळविताना वळतात. त्याच्या सुईसारख्या बारीक वळ्या होतात, त्या गरम पाण्यात मिनिटभर भिजवून अर्क तेवढा घ्यावयाचा आणि चोथा मागे ठेवावयाचा. परंतु दोहोंतील मूळ भेद त्याही आधी, मळ्यातच पडलेला असतो. माच्चाची पालवी सावलीत वाढते, सेन्चाची उन्हात.

घुसळून पिण्याची रीत जपानने चीनपासून घेतली. एइसाई नावाचा बौद्ध भिक्षू ११९१ साली चीनहून परतला, तेव्हा त्याने झेन पंथाच्या उपदेशाबरोबर चहाचे बीही आणले, अशी परंपरा आहे. त्याने चहाच्या आरोग्यगुणांवर १२११ साली एक ग्रंथ लिहिला. १२१४ साली सेनाधिपती मिनामोतो सानेतोमो मद्याच्या अतिरेकाने अस्वस्थ झाला असता एइसाईने त्यास चहाचा पेला व हा ग्रंथ अशी दोन्ही औषधे पाठविली. पुढे क्योतोनजीकच्या उजी गावच्या मळ्यांना कीर्ती लाभली. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू याने चहा पाजण्याच्या विधीस साधेपणाचे व गांभीर्याचे जे वळण दिले, ते आजतागायत टिकून आहे. त्याच रिक्यूला १५९१ साली आपला आश्रयदाता हिदेयोशी याच्या आज्ञेने आत्महत्या करावी लागली. चहाचा पेला सत्तेच्या किती निकट जाऊन बसला होता, हे एवढ्यावरूनच ध्यानात यावे.

उजीच्या मळ्यांची ख्याती सावलीवर उभी होती. महाराष्ट्रात पानमळ्यातील वेलीला शेवरी-हादग्याची सावली धरतात. उजीचे माळी वसंतात नवी पालवी फुटू लागली की मळ्यावर मांडव घालीत, बोरूच्या चटया पसरीत आणि वरून पेंढ्याने शाकारीत. खुडणीपूर्वी तीनएक आठवडे झुडपे या अंधुक उजेडात राहत. जपानात दीर्घकाळ राहिलेल्या जोआव रोद्रिगिस या पोर्तुगीज पाद्र्याने सतराव्या शतकाच्या प्रारंभी या आच्छादनाचे वर्णन करून ठेवले आहे.

हा मांडव कोणीही घालावा अशी मात्र मुभा नव्हती. तोकुगावा सेनाधिपतींच्या राजवटीत आच्छादनाचा अधिकार उजीच्या मोजक्या सनदी चहाकारांपुरताच राखून ठेवलेला होता. त्यांचा चहा बरण्यांत भरून, मोहरबंद करून, दरसाल थाटाच्या मिरवणुकीने एदो राजधानीस नेत असत. बरण्या जात असता रस्त्यावरच्या प्रजेने बाजूस होऊन नमावे, असा दंडक होता. मोठमोठ्या सरदारांनाही वाट सोडावी लागे. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर तेच झुडूप उभे होते, त्यास मात्र आपल्या झुडपावर चटई टाकण्याची परवानगी नव्हती.

अशा शेतकऱ्याच्या घरचा चहा कसा असे? कोवळी-जून पाने एकत्र खुडावयाची, कशीबशी वाळवावयाची आणि भांड्यात उकळावयाची. त्या काढ्याचा रंग तांबूस आणि चव ओबडधोबड असे. ‘सेन्चा’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘उकळलेला चहा’ असा आहे. आज तो कोणी उकळीत नाही; नाव तेवढे जुन्या दारिद्र्याची खूण म्हणून मागे राहिले आहे.

हा काढा पालटण्याचे श्रेय नागातानी सोएन या शेतकऱ्यास दिले जाते. १६८१ साली जन्मलेला हा गृहस्थ उजीशेजारच्या उजितावारा भागातील युयादानी खेड्याचा. सावली धरण्याचा अधिकार नाही, तर उन्हातल्याच पानाचे काय करता येईल, हा त्याचा प्रश्न होता. वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर १७३८ साली त्याची रीत सिद्ध झाली. फक्त कोवळे कोंभ घ्यावयाचे, ते वाफवावयाचे आणि कागद लावलेल्या उबदार चुलाण्यावर हातांनी मळीत, वळीत सुकवावयाचे. पाण्यात पडताच तो चहा हिरवट-सोनेरी रंग देई, आणि उकळण्याची गरजच उरली नाही. सोएन तो घेऊन एदोस गेला. तेथील यामामोतो काहेई या व्यापाऱ्याने त्याचे मोल ओळखले आणि नगरवासी त्यावर लुब्ध झाले. सोएनने ही विद्या कोंडून ठेवली नाही, शेजारपाजारच्यांना शिकविली. त्याच्या गावी आज त्याचे देऊळ आहे.

त्याच काळी क्योतोत बाइसाओ या नावाने प्रसिद्ध असलेला एक वृद्ध भिक्षू चहाचे सामान खांद्यावर घेऊन फिरत असे. मठ सोडून साठीच्या सुमारास त्याने हा व्यवसाय पत्करला. ज्याने त्याने इच्छेस येईल ते द्यावे, काही न दिले तरी पेला मिळेल, असा त्याचा व्यवहार होता. माच्चाच्या दालनात आसनांचा क्रम, पात्रांची प्रतिष्ठा आणि यजमानाचे घराणे यांना मान होता. बाइसाओच्या झाडाखालच्या दुकानात तहान लागलेली असली म्हणजे पुरे होते. मृत्यूपूर्वी काही वर्षे, १७५५ साली, त्याने आपली उपकरणे स्वतःच जाळून टाकली. आपल्यामागे ती कोणा धनिकाच्या संग्रहाची शोभा होऊ नयेत, ही त्यामागील भावना होती.

हे दोन प्रवाह पुढे एकत्रही आले. १८३५च्या सुमारास यामामोतो घराण्याच्याच पुढील पिढीने उजीतील सावलीची पाने सोएनच्या रीतीने वळण्याचा प्रयोग केला, असे परंपरा सांगते. त्यातून ‘ग्योकुरो’, म्हणजे रत्नासारखा दवबिंदू, हा चहा निघाला. १९४९ साली क्योतोमध्ये याच ग्योकुरोच्या पानांतून थिॲनिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि सावलीच्या चवीचे कोडे सुटले. हे द्रव्य मुळांत तयार होऊन पानांत येते; त्यानेच चहास मधुर, दाट रुची येते. उन्हात त्याचे रूपांतर तुरट द्रव्यांत होते, सावलीत ते बरेचसे टिकते. म्हणून माच्चा घनदाट आणि मृदू लागतो, तर सेन्चात तुरटपणाची स्वच्छ धार असते. सेन्चाला ७० ते ८० अंशांचे पाणी मानवते; उकळते पाणी ओतले तर तीच धार कडू होते.

तेव्हा दोहोंत श्रेष्ठ कोणता? रुचीच्या दृष्टीने हा वाद निरर्थक आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र उत्तर देता येते. बंदीमुळे सेन्चा जन्मास आला, म्हणून बंदीचे आभार मानावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. बंदीने फक्त दार लावले होते. दुसरे दार शेतकऱ्याच्या हातांनी पाडले. १८६८च्या राज्यक्रांतीनंतर सनदी चहाकारांचा राजाश्रय संपला आणि बरण्यांची मिरवणूक इतिहासजमा झाली. आज माच्चाची मागणी जगभर इतकी वाढली आहे की २०२४ साली उजीच्या काही जुन्या पेढ्यांना विक्रीवर मर्यादा घालावी लागली. तरीही जपानात पिकणाऱ्या चहात सर्वांत मोठा वाटा उन्हातल्या सेन्चाचाच आहे.

सोएनचे नाव राहिले. उजीच्या मांडवाखाली कोंभ खुडणाऱ्या स्त्रियांची नावे कोणत्याही बरणीवर लिहिली गेली नाहीत. बीडहून निघालेल्या कोयत्यांचीही नावे साखरेच्या पोत्यावर नसतात. पेला कोणताही असो, त्याच्या चवीत ती असतातच.