वहीतले गुण

पोटाच्या अ‍ॅपमधले पॉइंट ही काही आम्हा इंजिनिअरांची कल्पना नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत क्रोन्स आजारासाठी 'सीडीएआय' आला. पेशंटनं सात दिवस वहीत लिहायचं: किती वेळा पातळ झालं, पोट किती दुखलं. त्यावरून गुण, १५० च्या आत म्हणजे आजार शांत. १९८० मध्ये ब्रिस्टलच्या हार्वी आणि ब्रॅडशॉ यांनी ते एका दिवसाच्या नोंदीवर आणलं.

तिथे गुण वाढले की तब्येत खालावली. गेममध्ये नेमकं उलटं, आणि मी तिथेच फसलो. मला कोलायटिस आहे. माझं अ‍ॅप 'त्रास नाही' अशा सलग दिवसांना बॅज द्यायचं. बॅजसाठी मी रक्त पडलेल्या दिवशीही 'त्रास नाही' दाबलं. डॉक्टर आलेख बघून खूश. औषध कमी करू म्हणाले, तेव्हा कुठे तोंड उघडलं.