समतोल स्थिरांक

उलटसुलट दोन्ही दिशांनी चालणारी रासायनिक विक्रिया समतोलाला पोहोचली की उत्पादिते आणि विक्रियाकारके यांच्या संहतींचे ठरावीक तापमानाला कायम राहणारे गुणोत्तर. प्रत्येक संहतीचा घातांक समीकरणातील तिच्या सहगुणकाइतका असतो. नॉर्वेचे काटो गुल्डबर्ग व पेटर व्होगे यांनी १८६४ मध्ये मांडलेल्या वस्तुमानक्रियेच्या नियमातून ही कल्पना पुढे आली.

हायड्रोजन व आयोडीन यांपासून हायड्रोजन आयोडाइड बनण्याची विक्रिया गणितासाठी उत्तम. सुमारे ४५० °से. ला तिचा स्थिरांक ५० च्या आसपास असतो. एक लिटरच्या बंद पात्रात दोन्ही मूलद्रव्ये प्रत्येकी १ मोल घेतली आणि प्रत्येकी ‘क्ष’ मोल खर्ची पडली, तर समतोलाला प्रत्येकी (१ − क्ष) मोल उरतात व २क्ष मोल आयोडाइड तयार होतो. म्हणून (२क्ष)² ÷ (१ − क्ष)² = ५०. दोन्ही बाजूंचे वर्गमूळ घेतल्यास २क्ष ÷ (१ − क्ष) = ७.०७, म्हणजेच क्ष = ०.७८. आयोडाइड १.५६ मोल, मूलद्रव्ये प्रत्येकी ०.२२ मोल. हे आकडे मूळ गुणोत्तरात परत घालून पाहावेतच. बहुतेक चुका तिथेच उघड होतात. विशेषतः आरंभीच्या संहती समतोलाच्या समजून वापरणे, ही चूक फार आढळते.

शुद्ध घन व शुद्ध द्रव पदार्थ गुणोत्तरात घेत नाहीत. उत्प्रेरकाने समतोल लवकर येतो, स्थिरांक बदलत नाही. तो बदलतो केवळ तापमानाने.