क्रिमियांतील मजुरांचा पोशाख

इ. स. १८५४ च्या सप्टेंबरांत इंग्रज व फ्रेंच फौजा काळ्या समुद्राच्या कांठीं क्रिमियांत उतरल्या, तेव्हां मोहीम थोडक्या आठवड्यांत आटोपेल असा सर्वांचा अंदाज होता. इंग्रज शिपायांनीं आपल्या पाठपिशव्या जहाजांवरच ठेविल्या. अंगावरचा गणवेश, एक मोठा डगला, आणि कांबळ्यांत गुंडाळलेले जास्तीचे बूट, मोजे व सदरा एवढ्यानिशीं ते किनाऱ्यावर आले. त्या पिशव्या कित्येकांच्या हातीं पुढें अनेक आठवडे पडल्याच नाहींत. सेबास्टोपोलचा वेढा लांबला आणि रशियाचा हिंवाळा येऊन ठेपला. १४ नोव्हेंबरच्या वादळांत बालाक्लाव्हा बंदराबाहेर ‘प्रिन्स’ नांवाची आगबोट खडकावर आपटून फुटली. फौजेचे हिंवाळी कपडे व बूट तिच्याच पोटांत होते. ते सगळे समुद्रार्पण झाले.

पण सारा दोष वादळाच्या माथीं मारून चालणार नाहीं. त्यानंतरही हजारों डगले बालाक्लाव्हाच्या गुदामांत येऊन पडले, आणि पडूनच राहिले. कारण काय, तर शिपायाला तीन वर्षांतून एकच डगला द्यावा असा सरकारी नियम होता, आणि ज्याचीं तीन वर्षें भरलीं नव्हतीं त्याला दुसरा कसा द्यावा, हें कोठीवाल्यांना उमगेना! जे बूट मिळाले ते तोकडे. थंडीनें सुजलेल्या पायांत ते शिरत नसत, आणि शिरलेच तर त्यांचे तळवे चिखलांत रुतून बसत. बंदरापासून छावणीपर्यंतची सहा-सात मैलांची वाट म्हणजे चिखलाचा ओढाच बनली होती. धान्य बंदरांत कुजत होतें आणि माणसें टेकडीवर उपाशी मरत होतीं.

या सर्व हकीकती ‘टाइम्स’ पत्राचा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल यानें इंग्लंडांत पोंचविल्या. तेव्हां रेल्वेबांधणीचे प्रख्यात कंत्राटदार पेटो, ब्रॅसी व बेट्स हे पुढें आले, आणि बंदरापासून वेढ्यापर्यंत लोहमार्ग आपण नफा न घेतां बांधून देऊं असें त्यांनीं सरकारास कळविलें. सॅम्युएल मॉर्टन पेटो त्या वेळीं पार्लमेंटचा सभासद होता. सभासदास सरकारी कंत्राट घेतां येत नसे. म्हणून त्यानें आपली जागा सोडली. मुंबई-ठाणें आगगाडी सुरू होऊन तेव्हां पुरतीं दोन वर्षेंही झालीं नव्हतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे रणभूमीवर रेल्वे नेण्याची कल्पना किती धाडसी होती तें कळतें.

या कामासाठीं जे मजूर भरती झाले त्यांना इंग्रजींत ‘नॅव्ही’ म्हणतात. या शब्दाचा आरमाराशीं संबंध नाहीं. इंग्लंडांत पूर्वीं नौकानयनासाठीं कालवे खणले, ते खणणारे ‘नॅव्हिगेटर’, आणि त्याचेंच हें घरगुती रूप. ही जात मोठी रंगेल. मायदेशीं कामावर असतांना मखमलीसारख्या कापडाचा कोट, भडक रंगाचें जाकीट, गळ्याला रंगीत रुमाल आणि पायांत खिळ्यांचे जाड बूट असा त्यांचा थाट असे. स्वतःचे कपडे स्वतः निवडणारे हे लोक. गणवेश हा शब्दही त्यांना ठाऊक नव्हता. लंडनमधील वॉटर्लू रोडवरच्या कचेरींत भरतीसाठीं त्यांची झुंबड उडाली. रोज पांच ते आठ शिलिंग मजुरी ठरली. त्याच मुलखांत, त्याच चिखलांत उभ्या असलेल्या शिपायाचा रोजमुरा एक शिलिंग होता, आणि त्यांतूनही निरनिराळ्या वजावटी होत.

पेटो व त्याचे भागीदार हे आयुष्यभर मजुरांशीं वागलेले. भिजलेला, कुडकुडणारा माणूस फावडें चालवूं शकत नाहीं, हें त्यांना कोणत्याही सेनापतीपेक्षां अधिक चांगलें कळत होतें. म्हणून जहाजें निघण्यापूर्वीं दर माणशीं सामानाची यादी ठरली, आणि ती यादी वाचण्यासारखी आहे. पहिली वस्तु म्हणजे रंग देऊन जलाभेद्य केलेली पिशवी. बाकीचें सर्व कोरडें राहावें म्हणून आधीं पिशवी! मग तशाच कापडाचा पावसाळी पोशाख, तीन सुती सदरे, फ्लॅनेलचे दोन, एक तांबडा व एक पांढरा, मोलस्किनची विजार, आंतून लोकरी अस्तर लावलेलें मोलस्किनचेंच जाकीट. मोलस्किन या नांवांत एका बिळांत राहणाऱ्या प्राण्याचें कातडें असलें, तरी वस्तुतः तें घट्ट विणीचें, लव काढलेलें जाड सुती कापड आहे. दगडमातीच्या घासणीला तें दाद देत नाहीं आणि वाराही आंत येऊं देत नाहीं. त्यावर घालण्याचा ‘फिअरनॉट’ नांवाच्या जाड लोकरी कापडाचा सैल झगा. ‘भिऊं नको’ असा त्या नांवाचा अर्थ. विणकरांना कवित्व सुचतें तें असें. शिवाय हातमोजे, पायमोजे, गळपट्टे, कांबळीं, आणि दर दहा माणसांमागें एक हलती शेगडी.

पायांविषयींची काळजी तर विशेष होती. साधे बूट निराळे, गुडघ्याकडे जाणारे पाणबूट निराळे, आणि कोळी लोक वापरतात तसले आणखी निराळे. एक जोड भिजला असतां दुसरा शेगडीजवळ वाळावा, एवढी साधी गोष्ट त्यांत होती. परंतु ती शिपायाच्या बाबतींत कोणाच्या मनांत आली नव्हती.

यादींत एक वस्तु मात्र चुकीच्या समजुतीची होती: पोटाला गुंडाळण्याचा फ्लॅनेलचा पट्टा. पोटाला गारवा लागल्यानें पटकी होते असें तेव्हां मानीत, आणि हिंदुस्थानांतील गोरे शिपाईही हा पट्टा पुढें कित्येक वर्षें बांधीत राहिले. त्याच १८५४ सालीं लंडनमध्यें डॉ. जॉन स्नो यानें पटकीचें मूळ पाण्यांत आहे हें ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावरून दाखविलें होतें. पण तें पटण्यास अवधि लागला. पट्ट्यानें पटकी टळली नसली, तरी पोट उबदार राहिलें असेल.

सुमारें पांचशें मजूर १८५५ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं बालाक्लाव्हास उतरले. जेम्स बीटी हा त्यांचा मुख्य एंजिनियर. सातएक आठवड्यांत सात मैलांच्या आसपास रूळ टाकून झाले, आणि मार्चअखेर गाडी टेकडीवर पोंचली. गाडी वर जातांना दारूगोळा व धान्य नेई आणि परततांना आजाऱ्यांना खालीं आणी. एक मजूर दिवसाला शिपायांपेक्षां कितीतरी अधिक काम उरकतो, असें कौतुक अधिकारी घरच्या पत्रांतून करूं लागले. हें कौतुक खरें, पण त्यांत शिपायावर अन्याय आहे. फाटक्या बुटांत, अर्धपोटीं, रात्ररात्र खंदकांत उभा राहिलेला मनुष्य आणि कोरड्या मोज्यांनीं सकाळीं उठलेला मनुष्य यांची तुलना कशी व्हावी?

याच युद्धांत कराराने परदेशीं गेलेल्या आणखी एका वर्गाचा पोशाख इंग्लंडांतच ठरला होता, आणि तो मात्र साफ फसला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं अडतीस स्त्रियांसह स्कुटारीच्या रुग्णालयांत आली. जोगिणींना त्यांचीं व्रताचीं वस्त्रें होतीं. पगारी परिचारिकांना करड्या रंगाचा जाड झगा, लोकरी जाकीट, पांढरी टोपी, आणि ‘स्कुटारी हॉस्पिटल’ अशीं तांबडीं अक्षरें भरलेला रुमाल देण्यांत आला. मापें कोणी घेतलींच नव्हतीं. त्यामुळें उंच बाईला आंखूड आणि बुटकीला लोळणारा झगा आला. एका परिचारिकेनें सर्व कष्ट सोसण्याची तयारी दाखवूनही टोपीबद्दल कडाडून तक्रार केली: ही टोपी आधीं पाहिली असती तर आपण आलोंच नसतों! याला हंसणें सोपें आहे. परंतु परक्या शहरांत, दारुड्या शिपायांच्या गर्दींतून जातांना त्या कुरूप रुमालावरचीं अक्षरें पाहून वाट मोकळी होई, हेंही खरें. मजुराचा पोशाख थंडीपासून रक्षण करी. परिचारिकेचा पोशाख माणसांपासून.

त्याच रुग्णालयांत सदऱ्यांचा तुटवडा होता, कारण शिपायानें सदरा आपल्या पाठपिशवींतून आणावा असा नियम होता! त्या पिशव्या कोठें राहिल्या होत्या तें वर आलेंच आहे. अखेर नाइटिंगेलबाईंनीं ‘टाइम्स’च्या वर्गणींतून सदरे विकत घेऊन वांटले.

युद्धानें इंग्रजी भाषेला कपड्यांचीं नांवें मात्र पुष्कळ दिलीं. पुढें बटणें असलेल्या विणीच्या बंडीला लॉर्ड कार्डिगनचें नांव मिळालें, एका तऱ्हेच्या बाहीला सेनापति रॅग्लनचें. आणि महाराष्ट्रांत जिला माकडटोपी म्हणतात ती इंग्रजींत पुढें बालाक्लाव्हा म्हणून प्रसिद्ध झाली. ज्या बंदरांत माणसें थंडीनें गारठून मेलीं, त्याचें नांव उबेच्या वस्तूला पडलें.

सप्टेंबर १८५५ मध्यें सेबास्टोपोल पडलें. पेटोला त्याच वर्षीं ‘बॅरोनेट’ ही पदवी मिळाली. फौजेच्या हालांची चौकशी मॅक्नील व टुलक या दोघांनीं केली, आणि गुदामांतले डगले त्यांच्या अहवालांत आले. मग त्या अहवालाची चौकशी करण्यासाठीं १८५६ सालीं चेल्सी येथें सेनाधिकाऱ्यांचें एक मंडळ बसलें. त्यानें आपल्या सर्व अधिकाऱ्यांना निर्दोष ठरविलें.