छावणीतलं दाल-पकवान

अमेरिकेतल्या लुइझियानाच्या केजन जेवणाचं कौतुक आपण टीव्हीवर बघतो, पण ते मुळात निर्वासितांचं जेवण. १७५५ पासून ब्रिटिशांनी कॅनडातल्या अकेडियातून फ्रेंच शेतकऱ्यांना हाकललं. त्यातले बरेच पुढे लुइझियानात पोचले आणि 'अकेडियन'चं बोलता बोलता 'केजन' झालं.

आपल्या सेंट्रल लाइनवर अशीच गोष्ट आहे राव! फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना सरकारने कल्याणजवळच्या महायुद्धकाळातल्या लष्करी छावणीत ठेवलं. १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. पत्त्यात 'कॅम्प नंबर' मात्र अजून आहे.

पंजाब्यांना निदान अर्धा पंजाब मिळाला. सिंध्यांना भारतात स्वतःचा प्रांतच नाही. मग सोबत काय राहिलं? भाषा आणि स्वयंपाक. त्यातली भाषा नव्या पिढीत मागे पडतेय. स्वयंपाक टिकलाय: कुरकुरीत पकवान, सोबत चण्याची डाळ, चटणी, कच्चा कांदा. दह्याऐवजी चिंचेने आंबट केलेली, भाज्या घातलेली बेसनाची कढी. जाडसर कांदेवाली कोकी.

अंबरनाथ-बदलापूरची आपण मंडळी उल्हासनगरला जातो ती जीन्स आणि फर्निचरसाठी. या रविवारी सकाळी उपाशीपोटी जा. प्लेटमध्ये एक अख्खा प्रांत असतो.