परधाडे : पिवळा दिवा लागल्यानंतर

२१ जानेवारी २०२५, संध्याकाळ
लखनौहून पुष्पक एक्सप्रेस मुंबईला निघाली. त्याच संध्याकाळी बंगळूरूहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्लीची वाट धरली.

२२ जानेवारी, बुधवार, दुपार
पुष्पक भुसावळ सोडून जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्याच्या दिशेने धावत होती. हा मार्ग आपल्याला परका नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालचा माणूस मुंबईला जायचं तर शेगावला गाडीत बसतो आणि म्हसावद, माहेजी, परधाडे ही स्थानकं मागे टाकत याच रुळांवरून जातो. कर्नाटक मनमाडकडून, म्हणजे समोरून, शेजारच्या रुळावर येत होती.

पावणेपाचच्या सुमारास
माहेजी आणि परधाडेच्या मध्ये पुष्पकच्या जनरल डब्यात ‘आग, आग’ अशी ओरड झाली. कोणीतरी साखळी ओढली. गाडी थांबली आणि लोक जीव वाचवायला खाली उड्या मारू लागले. काहीजण दोन मार्गांच्या मधल्या बाजूला उतरले.

पुढची काही मिनिटं
पुष्पकच्या लोको पायलटने इंजिनाचा फ्लॅशर लाइट लावला. इंजिनाच्या तोंडावर उघडझाप करणारा हा पिवळा दिवा समोरून येणाऱ्या गाडीच्या चालकासाठी असतो. गाडी अवेळी थांबली आहे, शेजारच्या रुळावर डबा, माल किंवा माणूस असू शकतो, वेग आवर, असं तो सांगतो. साखळी ओढल्यावर ब्रेकच्या नळीतली हवा निसटते. ती निसटताच दिवा आपोआप लागावा, अशी सोय अनेक इंजिनांत असते.

हा दिवा का लागतो, ते जुना नियम पाहिला की कळतं. शेजारच्या मार्गावर धोका असेल तर कर्मचाऱ्याने लाल झेंडी घेऊन पायी पुढे जायचं, ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन इशाऱ्याचे फटाके रुळावर लावायचे. खडीतून १२०० मीटर जायला दहा मिनिटं तरी लागतात. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी तेवढं अंतर पाऊण मिनिटात कापते. माणूस तिथवर पोहोचेपर्यंतची वेळ या दिव्याने सांभाळायची असते. म्हणून मी त्याला दुय्यम दिवा म्हणायला तयार नाही. त्या मिनिटांत चालकाला सावध करणारं दुसरं फारसं काही हाताशी नसतं.

पाचच्या आसपास
कर्नाटकच्या लोको पायलटला फ्लॅशर दिसला आणि त्याने ब्रेक लावले. दिवा लागला होता, तो दिसला होता, दोन्ही चालकांनी आपापलं काम केलं होतं. पण तिथे मार्गाला वळण आहे. वळणामुळे नजर उशिरा पोहोचते आणि भरधाव एक्सप्रेसला थांबायला शेकडो मीटर लागतात. रेल्वेच्या अधिकाऱ्यांनीही हेच कारण दिलं.  कर्नाटक खाली उतरलेल्यांपैकी काहींच्या अंगावरून गेली.

डब्यातून उतरणाऱ्याला त्या दिव्याचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो, ही गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते. साखळीजवळच्या पाटीवर विनाकारण ओढल्यास १००० रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद असं छापलेलं असतं. उतरावंच लागलं तर दुसऱ्या रुळाच्या बाजूला उतरू नका, हे वाक्य तिथे नसतं. ते मराठीत आणि हिंदीत, ठळक अक्षरांत, प्रत्येक जनरल डब्यात असायला हवं. गर्दी सगळ्यात जास्त तिथेच असते.

रात्र
किमान १२ जणांचा मृत्यू झाला होता, त्यांत नेपाळचे नागरिकही होते. अनेक जखमी होते. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाख, तर रेल्वेने दीड लाख रुपये जाहीर केले.

२३ जानेवारी
पाककक्षातल्या एका चहाविक्रेत्याने आग लागल्याची आरोळी दिली आणि त्यातून अफवा पसरली, असं तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सांगितलं. डब्यात ठिणगी किंवा आग आढळली नाही, असं रेल्वे मंडळाचं म्हणणं होतं. चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे गेली.