छापखान्याशिवाय छाप

१९३० सालच्या मार्च महिन्यात दहा दिवसांच्या अंतराने दोन सत्याग्रह सुरू झाले. २ मार्चला नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी, आणि १२ मार्चला साबरमतीहून दांडीच्या वाटेवर. पहिल्यामागे बाबासाहेबांची प्रेरणा होती. प्रत्यक्ष मैदानात तो दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्रीपुरुषांनी पाच वर्षे लढवला. दुसरी यात्रा चोवीस दिवसांत समुद्रावर पोचली. आता आठवून पाहा. दांडी म्हटले की काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांनी उमटलेला, काठी टेकीत निघालेला म्हातारा डोळ्यांपुढे येतो. काळारामाचे कोणते चित्र येते?

दांडीचे ते चित्र नंदलाल बोस यांनी त्याच वर्षी केले. ते लिनोकट आहे. म्हणजे जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमवर कोरलेला आणि शाई लावून कागदावर उठवलेला ठसा. राजवाड्यातले तैलचित्र नव्हे, की संगमरवरी पुतळा नव्हे. म्हणून प्रश्न असा पडतो की आपल्याकडे त्या वेळी नेमके काय कमी होते? लढा होता, माणसे होती, मरणाची तयारीही होती. कोरणारा हात मात्र आपल्या बाजूला नव्हता, आणि ज्यांचे हात कलाशाळांत तयार झाले होते त्यांना नाशिकचा रस्ता दिसला नाही.

छपाईचा आपला इतिहास अभावाचा आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तो शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्यावर. त्याची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊनही घेतली नाही. ‘मूकनायक’ बंद पडला. १९२७ साली सुरू झालेले ‘बहिष्कृत भारत’ही दोनएक वर्षांत पैशाअभावी थांबले. खिळे, यंत्र, कागद, उधारी या चक्रात शब्दाचीच इतकी ओढाताण होती की चित्राचा विचार कोण करणार? चित्राला ब्लॉक करून घ्यावा लागे आणि त्याचे पैसे वेगळे पडत. आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत पहिले छापील चित्र आले ते बाबासाहेबांच्या कॅलेंडरचे, आणि तेही बाजारातून विकत आणलेले.

लिनोकटने हे चक्र टाळता येते. लिनोलियम १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन याने शोधले. जवसाचे तेल वाळवून घट्ट करायचे, त्यात बुचाच्या झाडाचा भुसा कालवायचा आणि तो लगदा तागाच्या कापडावर दाबायचा. जवस आणि ताग दोन्ही आपल्याच शेतांतून बोटी भरभरून विलायतेला जात. म्हणजे साहेबाच्या दिवाणखान्यातल्या त्या तुळतुळीत जमिनीखाली आपल्या शेतमजुराचा घामही होता. लाकडाला असतात तसे रेषांचे अडथळे याला नसतात, त्यामुळे सुरी हवी तशी वळते. लंडनच्या क्लॉड फ्लाइट या चित्रकाराने १९२० च्या दशकात याचाच प्रचार केला. यंत्र नको, स्टुडिओ नको, लहान खोलीत करा आणि सिनेमाच्या तिकिटाच्या भावात विका, असे तो सांगे. आज त्याच्या शिष्यांची चित्रे लिलावात लाखो रुपयांना जातात. गरिबांसाठी काढलेली वस्तू श्रीमंतांच्या भिंतीवर कशी पोचते याचा हा एक नमुना.

पण दुसऱ्या वाटेने गेलेलेही आहेत. गुलामगिरीत जन्मलेल्या आजीआजोबांची नात एलिझाबेथ कॅटलेट अमेरिकेतून मेक्सिकोत गेली आणि १९३७ साली स्थापन झालेल्या तिथल्या लोकमुद्रण कार्यशाळेत काम करू लागली. १९५२ चे तिचे ‘शेअरक्रॉपर’ पाहा. वाट्याने शेत कसणारी काळी स्त्री, डोक्यावर गवती टोपी, आणि अंगावरचा कोट सेफ्टी पिनने अडकवलेला. ती पिन कोरायला तशी पिन लावलेले माणूस जवळून पाहिलेले असावे लागते. आपल्याकडे अंधेरीत राहून लिनोकट करणारे चित्तप्रसाद यांनी जातीचा निषेध म्हणून आपले ब्राह्मणी आडनाव टाकले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरचे त्यांचे पुस्तक इंग्रज सरकारने जप्त करून जाळले; पुढे मुंबईत त्यांनी राबणाऱ्या मुलांची चित्रमाला कोरली. त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरीही त्या चित्रांत भूक ठळक दिसते, जात मात्र शोधावी लागते, हे नोंदवले पाहिजे.

भिवंडीत राहणाऱ्याला हे अधिक टोचते. आमचे गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते यंत्रमागांच्या रांगांवरून आणि १९७० व १९८४ च्या मे महिन्यांतल्या दंगलींच्या छायाचित्रांवरून. कॅमेरा बहुधा बाहेरून आला आणि काम होताच परत गेला. धोटा बदलणाऱ्या कामगाराने आणि कांड्या भरणाऱ्या बाईने स्वतःचे गाव कसे पाहिले, ते कोणी कोरलेले नाही.

कोरायला फार लागत नाही. मुंबईत चित्रसाहित्याच्या दुकानांत लिनोचे तुकडे मिळतात. तुकडा कडक असेल तर थोडा वेळ उन्हात ठेवावा, मऊ होतो. मोडक्या छत्रीची काडी आतून पन्हाळीसारखी असते; तिचे टोक कानशीने धारदार करून मुठीत बसवले की कोरणी तयार. दुसरा हात नेहमी धारेच्या मागे ठेवावा, पुढे कधीच नाही. जे कोराल ते पांढरे राहते, जे ठेवाल ते काळे उमटते. छपाईची शाई काचेवर पातळ पसरून रुळाने लावावी. रूळ नसेल तर चिंध्यांची घट्ट पुरचुंडी चालते, आणि चिंध्यांना भिवंडीत तोटा नाही. वर पातळ कागद ठेवून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासत जावे. जाड कागद हाताच्या दाबाला दाद देत नाही. पहिली प्रत ठिपक्याठिपक्यांची येते; शाई मुरली की तिसरी-चौथी नीट येते. प्रती दोरीवर चिमटे लावून वाळत घालाव्यात.

अक्षरांचे मात्र सांभाळावे, कारण ठसा आरशासारखा उलटा उमटतो. ‘भीम’ सरळ कोरला तर कागदावर अक्षरांचा क्रम फिरतो आणि दीर्घ वेलांटी डावीकडे जाऊन ऱ्हस्वासारखी दिसते. म्हणून आधी पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने ठळक लिहावे, तो कागद लिनोवर पालथा घालून नखाने घासावा आणि मग उमटलेल्या उलट्या अक्षरांवरून कोरणी फिरवावी.